कापसाच्या गाडीने आलेली घड्याळे

यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद, वणी या गावांतल्या जुन्या घरांमध्ये दिवाळीची झाडलोट सुरू झाली की माळ्यावरून दरवर्षी त्याच वस्तू खाली येतात. चावी हरवलेले लंबकाचे घड्याळ, कान तुटलेली निळी फुलदाणी, चिनी मातीची परदेशी बाहुली, एखादी हंडी. त्या पुसल्या जातात, त्यांच्याकडे घटकाभर पाहिले जाते आणि त्या पुन्हा वर जातात. गेल्या काही वर्षांत मात्र हा क्रम बदललेला दिसतो. नव्या फ्लॅटमध्ये, नव्या बंगल्यात एक भिंत मुद्दाम 'जुनी' ठेवायची हौस आली आहे. तिथे आजोबांचे घड्याळ लावतात, आणि आजोबांचे नसेल तर जुन्या बाजारातून कोणाच्या तरी आजोबांचे आणतात.

या हौसेला मी नाव ठेवणार नाही. माळ्यावर गंजण्यापेक्षा वस्तू भिंतीवर असलेली बरी. पण ही घड्याळे पाहत मी जिल्हाभर हिंडलो तेव्हा एक गोष्ट वारंवार जाणवली. मालक घड्याळाचे वय सांगतात, 'जर्मन आहे', 'अमेरिकन आहे' असेही अभिमानाने सांगतात. पण समुद्रापासून इतक्या दूर, डोंगर-जंगलांच्या या जिल्ह्यात जर्मन घड्याळ आले कसे आणि का, हा प्रश्न सहसा पडत नाही. माझ्या मते त्या प्रश्नाच्या उत्तरात आपल्या जिल्ह्याचा दीडशे वर्षांचा आर्थिक इतिहास आहे. सरकारी दप्तरात तो आकड्यांत सापडतो. घरात तो तबकडीवर आणि फुलदाणीच्या बुडाशी सापडतो.

घटिकेकडून घड्याळाकडे

'घड्याळ' हा शब्द घटिकेवरून आलेला. तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची. ती भरून बुडाली की एक घटका झाली, म्हणजे चोवीस मिनिटे. दिवस-रात्र मिळून अशा साठ घटका. लग्नाच्या मांडवात जोशीबुवा घंगाळात घटिकापात्र सोडून मुहूर्त मोजत, हे पाहिलेली माणसे अजून आहेत. 'घटका भरली' हा वाक्प्रचार त्या बुडणाऱ्या वाटीचाच. 'तास' या शब्दाचा एक जुना अर्थ काशाची थाळी असा आहे. वेळ झाली की ती ठोकायची. पुढे तिच्या आवाजाचे नाव वेळेच्या मापाला मिळाले.

शेतावर मात्र घटकाही नको होती. दिवस कासराभर वर आला की औत जुंपायचे, गोरज झाली की परतायचे. सूर्य आणि सावली एवढे पुरे होते. तेव्हा वऱ्हाडात घड्याळ आले ते गरज म्हणून की शोभा म्हणून, हा पहिला प्रश्न. मला वाटते की ते दोन्ही वाटांनी आले, आणि दोन्ही वाटा कापसातून गेल्या.

धामणगावचा रस्ता

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी दिलेला हा मुलूख कापसाचा होता, आणि इंग्रजांचा डोळा त्यावर होताच. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडच्या राज्यांचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानकडे तोंड वळवले. भाव कडाडले. युद्ध संपताच ते कोसळले आणि मुंबईत शेअरबाजाराचा फुगा फुटला. तरीही वऱ्हाडची काळी जमीन जगाच्या बाजाराला जोडली गेली ती कायमची. १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावची शाखा उघडायला आला. कापसाच्या एका बाजारासाठी व्हाइसरॉय येतो, यावरून त्या पिकाचे वजन कळते.

आपला जिल्हा तेव्हा 'वणी जिल्हा' म्हणून ओळखला जाई, मुख्य ठाणे मात्र यवतमाळ. १९०५ मध्ये वाशीम जिल्ह्याचा काही भाग जोडून 'यवतमाळ जिल्हा' हे नाव पडले. १९०१ च्या शिरगणतीत यवतमाळ गावाची वस्ती होती अवघी १०,५४५. सरकी काढणारी जिने आणि गाठी बांधणारे प्रेस मात्र होते. गावाला रेल्वे नव्हती. जवळचे स्टेशन धामणगाव, २९ मैलांवर, म्हणजे सुमारे ४७ किलोमीटर. कापसाच्या गाड्या रात्रभर चालून धामणगावला जात. मूर्तिजापूरहून यवतमाळला येणारी अरुंद मार्गाची गाडी, जिला पुढे सगळे 'शकुंतला' म्हणू लागले, ती विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतली.

धामणगावला गेलेली बैलगाडी रिकामी परत येत नसे. मीठ, रॉकेल, पत्रे, कापड हे नेहमीचे सामान असे. ज्या वर्षी भाव बरा मिळे त्या वर्षी लाकडी खोक्यात, गवतात बसवलेली एखादी नाजूक वस्तूही असे. अडत्याने मुंबईहून मागवलेली, देशमुखांनी फर्माइश केलेली, किंवा जिनाच्या मालकाने कचेरीसाठी घेतलेली. या जिल्ह्यातल्या बहुतेक जुन्या घड्याळांनी शेवटचा टप्पा बैलगाडीतून कापला, असे मी धरून चालतो. त्या काळात दुसरे वाहनच नव्हते.

ज्याला कापूस, त्याचे घड्याळ

आता घड्याळांच्या जन्मगावाकडे पाहू. आमच्याकडे तीन घराणी ठळकपणे दिसतात. पहिले अमेरिकन. न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकलिनमधील अन्सोनिया कंपनीचे, अष्टकोनी तोंडाचे आणि खाली लंबकाची पेटी असलेले घड्याळ. दुसरे जर्मन. ब्लॅक फॉरेस्टमधल्या श्राम्बर्ग गावचे युंगहान्स, त्याच गावातली बाणांची फुली मिरवणारी हॅम्बर्ग-अमेरिकन कंपनी, आणि सायलेशियातला गुस्टाफ बेकर. तिसरे मुंबई-कलकत्त्याच्या पेढ्यांचे नाव तबकडीवर लिहिलेले. त्यातली यंत्रे बहुधा युरोपातली, नाव इथल्या विक्रेत्याचे.

यात जर्मन का जास्त? वऱ्हाडचा कापूस आखूड धाग्याचा. लांब धाग्याचा अमेरिकन कापूस पुन्हा मिळू लागल्यावर लँकेशायरला त्याची गोडी उरली नाही. १८८० नंतर पहिल्या महायुद्धापर्यंत या कापसाचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे युरोप खंडातले देश, त्यांत जर्मनी, बेल्जियम, ऑस्ट्रिया, इटली, आणि पुढे जपान. गाठी घेऊन गेलेली बोट परतताना माल घेऊन येणार, हे व्यापाराचे साधे गणित. फोल्कार्ट ब्रदर्स ही पेढी १८५१ मध्ये स्वित्झर्लंडमधील विंटरथूर आणि आपली मुंबई या दोन ठिकाणी एकाच वेळी निघाली. ती कापूस बाहेर नेई आणि साबण, कागद, काडेपेट्या, घड्याळे, यंत्रे आत आणी. म्हणजे कापूस घेणारा आणि घड्याळ देणारा हात एकच असण्याचे हे उदाहरण. पुढे १९५४ मध्ये टाटा आणि फोल्कार्ट एकत्र येऊन 'व्होल्टास' झाली. आज आपल्या घरात थंड हवा देणाऱ्या यंत्रावरचे ते नाव मुळात कापसाच्या पेढीचे आहे.

जपानचीही अशीच गोष्ट. १८९३ मध्ये निप्पॉन युसेन कैशा या जहाज कंपनीने जमशेदजी टाटांच्या साथीने मुंबई ते कोबे अशी बोट सुरू केली, ती मुख्यतः कापसासाठी. त्यानंतरच्या काळातल्या जपानी फुलदाण्या आणि चिनी मातीचे नग विदर्भातल्या घरांत दिसतात, त्याचे नवल वाटायला नको.

इथे थोडे सावध राहायला हवे. एखाद्या घरात युंगहान्सचे घड्याळ आहे म्हणून त्या घरचा कापूस ब्रेमेनला गेला, असे सिद्ध होत नाही. घड्याळे मुंबईच्या दुकानांत सर्वांनाच मिळत. युंगहान्सचा कारखाना १९०३ च्या सुमारास जगातला सर्वांत मोठा होता आणि वर्षाला तीस लाख घड्याळे काढत होता, तेव्हा त्याचा माल कुठे पोचला नाही हेच विचारावे. आणि अमेरिका तर कापसात आपली प्रतिस्पर्धी. तिची घड्याळे आली ती स्वस्त आणि टिकाऊ म्हणून. एवढे मात्र निश्चित म्हणता येते की घेणाऱ्याच्या हातात जो पैसा होता तो कापसाचा होता, आणि तो कोणत्या दशकात होता हे घड्याळ सांगते.

ते दशक ओळखण्याच्या काही खुणा आहेत. परदेशी मालावर देशाचे नाव हवे, असा कायदा इंग्लंडात १८८७ मध्ये झाला आणि हिंदुस्थानात १८८९ मध्ये. त्यामुळे इंग्रजीत 'मेड इन जर्मनी' लिहिलेले घड्याळ सहसा त्यानंतरचे. 'डी. आर. जी. एम.' ही चार अक्षरे असतील तर १८९१ नंतरचे, कारण जर्मनीतली ती नोंदणीच तेव्हा सुरू झाली. १९१४ ते १९१८ या युद्धकाळात जर्मन माल बंद होता. अन्सोनिया कंपनी १९२९ मध्ये बुडाली आणि तिची यंत्रे सोव्हिएत रशियाने विकत घेतली; तेव्हा 'आजोबांनी १९४० साली नवीन घेतलेले अन्सोनिया' असे कोणी सांगितले तर ते जुनेच विकत घेतलेले असणार.

काच आणि धातू यांचा संसार

या वस्तूंचा जीव त्यांच्या मुलाम्यात आहे. मुलामा, मीना, एनॅमल अशी तीन नावे आपण सरमिसळ वापरतो. खरा मीना म्हणजे काच. काचेची पूड धातूवर पसरून सुमारे ८०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत घालायची. ती वितळते आणि धातूला धरून बसते. घड्याळाची पांढरीशुभ्र तबकडी अशीच होते. खाली तांब्याचा पातळ पत्रा, वर पांढरी काच, त्यावर काळे रोमन आकडे पुन्हा भाजून पक्के केलेले. तबकडीच्या मागच्या बाजूलाही काचेचा थर देतात. तो दिसण्यासाठी नसतो. निवताना तांबे आणि काच कमी-जास्त आकसतात. एकाच बाजूला काच असेल तर पत्रा वाकतो आणि काच तडकते. दोन्ही बाजूंनी ओढ सारखी राहिली की तबकडी सपाट राहते. शंभर वर्षे झाली तरी हा पांढरा रंग पिवळा पडत नाही. कागदी किंवा रंगवलेली तबकडी मात्र पिवळी पडते, पापुद्रे सोडते. म्हणून मूळ मिन्याची तबकडी कुठली आणि नंतर रंगवलेली कुठली, हे लांबूनही कळते. जुन्या तबकडीवर चावीच्या भोकाजवळ केसासारख्या बारीक रेषा असतात. त्या वयाच्या आहेत; त्या लपवण्यासाठी तबकडी रंगवून घेणे म्हणजे म्हाताऱ्याच्या सुरकुत्यांवर चुना फासणे.

मिन्याचा दुसरा प्रकार काळ्या घड्याळांत दिसतो. फ्रान्समध्ये काळ्या संगमरवराची, देवळीसारख्या आकाराची टेबलावरची घड्याळे बनत. ती महाग आणि जड. अमेरिकन कारखानदारांनी बिडाच्या ओतीव पेटीवर काळा मुलामा भाजून तीच शोभा स्वस्तात विकली. आमच्याकडच्या काही दिवाणखान्यांत 'संगमरवरी' म्हणून दाखवले जाणारे घड्याळ प्रत्यक्षात बिडाचे असते. मागे लोहचुंबक लावून पाहावा. चिकटला की प्रश्न मिटला. त्यात कमीपणा काही नाही. ज्याने ते घेतले त्यानेही ऐपतीत राहून श्रीमंती दाखवण्याचाच मार्ग काढला होता.

फुलदाण्यांचे तीन प्रकार वेगळे ओळखावेत. पहिला मुरादाबादी: पितळेवर नक्षी कोरून तिच्या खाचांत रंगीत लाख भरलेली. आमच्याकडे सर्वांत जास्त हीच दिसते आणि तिलाच 'मीनाकाम' म्हणतात. तिच्यात काच नसते. टाचणीचे टोक लागले की लाख खरवडली जाते, आणि चुलीजवळ ठेवली की मऊ पडते. दुसरा प्रकार चीन-जपानचा: तांब्याच्या भांड्यावर बारीक तारांची घरे करून प्रत्येक घरात रंगीत काच भाजलेली. बोट फिरवले तर पृष्ठभाग गुळगुळीत, पण रंगांच्या मधे सोनेरी रेघ दिसते, ती तारेची कड. तिसरा बोहेमियाचा, म्हणजे आजच्या चेक देशातला: भांडेच काचेचे, आणि त्यावर मिन्याच्या रंगांनी फुले काढून पुन्हा भाजलेली. ही फुले बोटाला किंचित उठून लागतात.

खरा मीना आपल्यालाही परका नव्हता. आमेरच्या राजा मानसिंहाने लाहोरहून मीनाकार आणून वसवले, अशी जयपूरची परंपरा सांगते. सोन्यावर सर्व रंग खुलतात, चांदीवर थोडे, तांब्यावर त्याहून थोडे, हे त्या कारागिरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. पण ती कला दागिन्यांत राहिली, तिजोरीत राहिली. कारखान्यातल्या मिन्याने ती शोभा भिंतीवर आणली, आणि पाहुण्याला ओसरीवरूनच दिसेल अशी टांगली. तेव्हाच्या दिवाणखान्यात रविवर्म्याच्या छापखान्यातली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रे, बिलोरी आरसा आणि हे घड्याळ, असा त्रिकोण जमला. देव भारतीय, छपाईचे तंत्र जर्मन, आरसा आणि घड्याळ युरोपचे, आणि पैसा वऱ्हाडी कापसाचा.

भिंतीवर वेळ कोणाची?

घड्याळ आले तरी त्यात वेळ कोणाची लावायची? यवतमाळचे रेखांश सुमारे ७८.१३ पूर्व. इथला सूर्य डोक्यावर येतो तेव्हा ग्रिनिचच्या हिशेबाने आपण सरासरी ५ तास साडेबारा मिनिटे पुढे असतो. ही झाली गावची खरी वेळ. पण आगगाडी मद्रासच्या वेळेवर धावत होती, म्हणजे गावापेक्षा जवळजवळ नऊ मिनिटे पुढे. मुंबईची वेळ होती ४ तास ५१ मिनिटे, म्हणजे गावापेक्षा एकवीस-बावीस मिनिटे मागे. धामणगावला गाडी गाठायची तर मद्रासचे घड्याळ, मुंबईच्या पेढीची तार समजून घ्यायची तर मुंबईचे, आणि लग्नाचा मुहूर्त साधायचा तर सूर्याचे. १ जानेवारी १९०६ पासून साडेपाच तासांची हिंदी प्रमाणवेळ लागू झाली. मुंबई शहर मात्र आपली वेळ १९५५ पर्यंत धरून बसले होते. यवतमाळच्या भिंतीवरचे घड्याळ तेव्हापासून गावच्या सूर्यापेक्षा सुमारे साडेसतरा मिनिटे पुढे आहे. १९४२ ते १९४५ या युद्धकाळात सरकारने त्यात आणखी एक तासाची भर घातली होती.

बाजाराचा संबंध इथेच येतो. वऱ्हाडातल्या कापूस बाजारांचे नियमन फार लवकर सुरू झाले. कारंज्याला १८८६ मध्ये आणि मग १८९७ च्या 'कापूस व धान्य बाजार' कायद्याने इतरत्र. बाजार ठरल्या वेळी उघडणार, ठरल्या वेळी बंद होणार. जिनाचा भोंगा ठरल्या वेळी होणार आणि त्यावर बायामाणसांची हजेरी लागणार. घड्याळ आधी या ठिकाणी कामाला लागले, आणि मग मालकाच्या दिवाणखान्यात शोभेला आले. सरकी वेचणाऱ्या बाईला ते फक्त ऐकू येई. पाहायला मिळत नसे. घरातल्या घड्याळाचे टोले ऐकून कौतुक करताना मला भोंग्याची आठवण ठेवावीशी वाटते ती यासाठी.

आमचा उन्हाळाही या परदेशी पाहुण्यांना मानवत नाही. हिवाळ्यातल्या पहाटेपेक्षा वैशाखातले तापमान तीस अंशांनी जास्त झाले की लंबकाची पितळी दांडी ताणते आणि घड्याळ दिवसाला सुमारे पंचवीस सेकंद मागे पडते. आठवड्याला जवळजवळ तीन मिनिटे. पोलादी दांडी त्याहून कमी चुकते, लाकडी दांडी सर्वांत कमी. म्हणून जुने घड्याळजी अक्षयतृतीयेच्या सुमारास लंबकाखालची चकती थोडी वर चढवत. 'उन्हात घड्याळालाही झापड येते' असे एक म्हातारे घड्याळजी मला म्हणाले होते. भौतिकशास्त्राचा तो नियम त्यांनी पुस्तकातून घेतलेला नव्हता.

घराबाहेर पडलेली शोभा

या कथेचा दुसरा भाग सांगितल्याशिवाय ती पूर्ण होत नाही. ज्या कापसाने घड्याळ घरात आणले, त्याच कापसाने ते घराबाहेरही काढले. भाव पडला, पाऊस रुसला की आधी दागिना गहाण पडे, मग बैल, मग शेत. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांनी वऱ्हाडातल्या अनेक घरांची घडी मोडली. सावकाराच्या घरी दोन-तीन घड्याळे का असत, याचे उत्तर हौसेत थोडे आणि गहाणवटीत जास्त आहे. एका घरात मला तीन लंबकाची घड्याळे शेजारीशेजारी दिसली. 'तीनही एकाच वेळी कशाला घेतली?' असे विचारल्यावर घरातल्या आजी शांतपणे म्हणाल्या, "घेतली नाहीत बापा, आली." या एका क्रियापदात मला गहाणखताचे अख्खे पान वाचायला मिळाले.

स्वातंत्र्यानंतर १९६१ चा कमाल जमीनधारणा कायदा आला, वाटण्या झाल्या, वाडे पडले. वाड्याबरोबर घड्याळे भंगारात गेली. पितळ किलोवर विकले गेले आणि शिसवी पेट्या बंबात जळल्या. नंतर 'अँटिक' या शब्दाला किंमत आली आणि शहरातले दलाल गावोगाव फिरू लागले. मुंबईच्या चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर विदर्भातून आलेला माल ठेवलेला असतो. तिथे ते घड्याळ कोणत्या गावचे, कोणाचे, कधी घेतलेले, हे सगळे पुसले जाते आणि उरते फक्त 'व्हिंटेज'. त्याला आता नव्या नकलांचीही जोड मिळाली आहे: नवी तबकडी, जुने नाव, चहाच्या पाण्याने पिवळा केलेला कागद.

१९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू ही 'पुरावस्तू' ठरते आणि ती खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. १९१० सालचे घड्याळ आता त्या मर्यादेत आले आहे. म्हणजे कापसाच्या पैशाने परदेशातून आलेली वस्तू आता कायद्याने इथली झाली. पुण्यात दिनकर केळकरांनी घराघरांतून अडकित्ते, दिवे, दौती गोळा करून संग्रहालय उभे केले, १९६२ मध्ये ते सरकारच्या स्वाधीन केले आणि सामान्य घरातली वस्तूही इतिहास सांगते हे दाखवून दिले. हैदराबादला सालारजंग संग्रहालयातल्या संगीत घड्याळापुढे दर तासाला गर्दी जमते. वऱ्हाड परत मिळावा म्हणून आयुष्यभर झटणाऱ्या पहिल्या सालारजंगाच्या घराण्याचा तो संग्रह. वऱ्हाड हैदराबादला परत मिळाला नाही. घड्याळे मात्र दोन्हीकडे राहिली. यवतमाळच्या घरांतल्या या वस्तूंना असे एक छप्पर नाही. त्यामुळे त्यांची जबाबदारी घराघरावरच आहे.

यवतमाळचे नाव आज देशाला कशासाठी माहीत आहे, हे आपण जाणतो. १९ मार्च १९८६ रोजी चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी कुटुंबासह जीवन संपवले, आणि त्यानंतरची यादी थांबलेली नाही. ते कापसाच्याच मुलखातले. दिवाणखान्यातले चकाकते घड्याळ आणि ती बातमी या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. दोन्हींच्या मागे एकच बाजार आहे, ज्याचा भाव दूर कुठेतरी ठरतो. कापूस काढणाऱ्याच्या हातात त्यातले कधी थोडे उरले, बहुतेकदा उरले नाही. जिथे उरले तिथे त्याचे घड्याळ झाले. म्हणून अशा घड्याळाकडे केवळ 'डेकोर' म्हणून पाहणे मला जमत नाही.

मांडताना, जपताना

तरीही ती मांडावीतच, माझे मत तेच आहे. फक्त थोड्या गोष्टी पाळाव्यात. घड्याळ बाहेरच्या, उन्हाने तापणाऱ्या भिंतीवर न लावता आतल्या भिंतीवर लावावे. ते ओळंब्यात हवे. तिरके असेल तर टिकटिक लंगडी येते आणि लंबक थांबतो. टोल्यांच्या जुन्या घड्याळाचे काटे उलटे फिरवू नयेत, टोले आणि काटे यांची फारकत होते. तबकडी कोरड्या फडक्याने हलकेच पुसावी. दुकानदाराचे नाव नंतर लिहिलेले असेल तर तिथे फडके लावूच नये. मिन्याच्या फुलदाणीला चिंच, लिंबू किंवा भांड्यांची पावडर लावली तर तारांवरचा सोनेरी मुलामा आधी जातो. फुलदाणीत पाणी भरू नये, तडा असेल तर ओल आत शिरून तांब्याला हिरवा गंज चढतो. अंधारात चमकणारे आकडे असलेले जुने गजराचे घड्याळ असेल तर ते उघडू किंवा खरवडू नये. त्या रंगात रेडियम असण्याची शक्यता असते.

आणि या सगळ्यांहून महत्त्वाचे काम एका कागदाचे आहे. घड्याळाच्या पेटीत, लंबकाच्या मागे, एक चिठ्ठी ठेवावी. घड्याळ कोणी घेतले, कुठून आले, कोणाकडून कोणाकडे गेले, विकत घेतले की गहाणात राहिले, शेवटचे कोणी दुरुस्त केले. जुने घड्याळजी दुरुस्तीची तारीख पेटीच्या आत पेन्सिलीने लिहीत. ती खोडू नये. जुन्या बाजारातून आणलेल्या घड्याळाबद्दल काहीच माहीत नसेल तर तेही लिहावे, आणि विकणाऱ्याने सांगितलेली गोष्ट 'ऐकीव' म्हणून वेगळी नोंदवावी. गहाणाची गोष्ट लिहायला संकोच वाटेल. पण शंभर वर्षांनी तिची लाज कोणाला उरत नाही, उपयोग मात्र उरतो. ज्या आजींनी मला 'आली' हा शब्द दिला, त्यांच्यानंतर तो सांगणारे त्या घरात कोणी नसेल.

ही माणसे आता ऐंशीच्या पुढे आहेत. घड्याळाला चावी मिळू शकते, कमान बदलता येते, नवे काटेही बसवता येतात. या माणसांच्या आठवणीला सुटे भाग मिळत नाहीत. तेव्हा या दिवाळीत घड्याळ पुसून झाले की घरातल्या थोरल्यांना खुर्ची द्या, आणि वही-पेन घेऊन समोर बसा.